गिरणगावातील हौस आणि सार्वजनिक जीवन : एक मागोवा

कामाची पाळी सुटल्यावर मुंबईतील श्रमिक माणूस काय गात होता आणि काय खेळत होता, या प्रश्नाला कामगार चळवळीच्या इतिहासात बहुधा तळटीपेपुरतीच जागा मिळते. वस्तुतः संप आणि मोर्चे ज्या संघटनशक्तीवर उभे राहिले, ती शक्ती भजनाच्या बैठकीत, हुतूतूच्या मैदानात आणि गणपतीच्या मांडवात आधीपासून कमावली जात होती, आणि ती कमावणारा माणूस हौशी होता, म्हणजे पोटासाठी नव्हे तर आवडीखातर गाणारा व खेळणारा.

या मागोव्याची सुरुवात गिरगावातून करावी लागते. तेथील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली गणपती सार्वजनिकरीत्या बसला आणि उत्सवाबरोबर मेळे, म्हणजे पद्यांतून लोकजागृती करणारी गायकपथके, रुजले. पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला स्थापलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ मध्ये मुंबईत आणले आणि १९२५ मध्ये बी. आर. देवधरांनी गिरगाव परिसरात संगीतशाळा काढली, त्यामुळे घराण्याबाहेरच्या पांढरपेशा कुटुंबांनाही शास्त्रोक्त गाणे शिकण्याची सोय झाली.

लालबाग-परळचे, म्हणजे कापडगिरण्यांच्या गिरणगावाचे, गाणे मात्र शाळेतून आले नाही, ते कोकणातून आणि घाटावरून चाकरमान्यांबरोबर आले. एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत असल्यामुळे विरंगुळ्याला घरात जागाच नव्हती. तो चाळीच्या गॅलरीत, पटांगणात किंवा गावमंडळाच्या खोलीत, म्हणजे चारचौघांतच घडत असे. एकाच गावच्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेले हे मंडळ पेटी-पखवाजाची देखभाल करी आणि अडल्यानडल्याला मदतीचे पैसेही तेथूनच उभे राहत.

या मंडळांच्या गाण्यांतील डबलबारी हा प्रकार बारकाईने पाहण्याजोगा आहे. दोन भजनी बुवा आपापल्या साथीदारांसह समोरासमोर बसतात, पेटी बुवाच्या हाताखाली असते, पखवाज आणि झांजा साथीला, मागे कोरस; एकाने अभंग, गजर, गवळण अशी आपली बारी संपवली की दुसरा त्याच्या वरताण गाण्याचा प्रयत्न करतो, कोपरखळ्या मारतो आणि आधीच्या बारीतील टोमण्याला सुरातच उत्तर देतो. शक्ती-तुरा या प्रकारात हाच सामना पौराणिक सवाल-जवाबांचा असतो. शक्तीवाले आदिमायेचे श्रेष्ठत्व सांगतात, तुरेवाले शिवाचे. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री हजरजबाबी युक्तिवाद करी व ऐकणारे त्याचा निवाडा करीत. गेटसभेतील, म्हणजे गिरणीच्या दारावरील सभेतील, भाषण पारखणारा कान अशा रात्रींनी घडवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

कामगारनेते ना. म. जोशी यांच्या कार्यात हौस आणि संघटना यांचा हा संबंध स्पष्ट दिसतो. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि लीगनेच परळला दामोदर हॉल उभारून कामगारांच्या नाटकांना रंगमंच दिला. १९३४ मध्ये लालबागच्या कोळी व विक्रेत्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून बोललेला नवस फेडण्यासाठी गणपती बसवला, तेव्हा उत्सव आणि नागरी मागणी यांची अशीच सांगड घातली गेली होती.

खेळांत हुतूतूला, म्हणजे आजच्या कबड्डीला, पहिला मान होता, कारण त्याला साधन लागत नव्हते. चाळलेल्या मातीचे पाणी मारून चोपलेले मैदान, आखलेल्या रेषा आणि दोन्हीकडे सात-सात गडी एवढ्यावर सामना होई. संजीवनी पद्धतीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी पुन्हा उठतो. त्यामुळे संघ कधीच पुरता हरलेला नसतो, आणि चढाईला गेलेल्याचा दम सुटेपर्यंत कोपरारक्षकाने साथीदारांवर भरवसा ठेवायचा असतो.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांना श्रोता तयार मिळाला. अण्णा भाऊंनी तमाशातील गणात, म्हणजे आरंभीच्या स्तवनात, गणपतीऐवजी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही शाहिरी घराघरांत पोचली. दरम्यान १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले आणि हौशी नाटकांना व भजनांना सरकारी स्पर्धांचे व्यासपीठ मिळाले. मात्र या साऱ्या हौसेत स्त्रियांचा वाटा फार तोकडा राहिला. खाणावळ चालवून वीसवीस गड्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या बाईला बारी ऐकायलाही सवड नव्हती, आणि गिरणगावाच्या गौरवगाथेत ही उणीव झाकली जाऊ नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत. पगार थांबल्याने वर्गणी आटली, कुटुंबे गावी किंवा विरार-बदलापूरकडे गेली आणि गिरण्यांच्या जागी मॉल व कचेऱ्या आल्या. त्यानंतरही हौस मेली नाही. २०१४ पासून प्रो कबड्डी लीगने खेळाला पैसा आणि प्रसिद्धी दिली, हे खेळाडूंच्या दृष्टीने निश्चितच भले झाले. तुटला तो काम, घर आणि मैदान हाकेच्या अंतरावर असल्याने जुळलेला सांधा, आणि तो दूरचित्रवाणीवरील सामन्याने जुळत नाही.

म्हणूनच २०२३ मध्ये दामोदर हॉल, म्हणजेच दामोदर नाट्यगृह, पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींबरोबर शक्ती-तुऱ्याच्या कलावंतांनीही आवाज उठवला. दूर उपनगरांत विखुरलेल्या गावमंडळांना एकत्र जमण्यासाठी हे परळचे ठिकाण सोयीचे होते. नवे नाट्यगृह त्यांच्या वर्गणीला परवडणाऱ्या भाड्यात आणि पूर्वीइतक्याच आसनांसह मिळणे हा त्यांचा हक्क मानला पाहिजे.