पाऊण इंची रबरावर अडलेली गाडी

ब्रेक गेला तर माणूस घाबरतो. क्लच गेला तर नुसता चिडतो. जुन्या गाड्यांच्या क्लचकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही ते यामुळेच. पावसाळाभर कव्हर घालून ठेवलेली जुनी स्पोर्ट्‌स कार ऑक्टोबरात बाहेर काढावी, क्लच दाबावा, तर पॅडल तळाला जाऊन तिथेच बसावं आणि गिअर खरखरून पडूच नये, हा प्रकार पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना नवा नाही. क्लच प्लेट संपली असं समजून काही जण थेट गिअरबॉक्स उतरवायला निघतात. प्लेट मात्र अनेकदा ठणठणीत असते. गाडी अडलेली असते ती बोटाच्या पेराएवढ्या रबरावर.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही दोन दारांची ब्रिटिश गाडी. (एमजी नावाच्या नव्या गाड्या आज कर्वे रोडवरही दिसतात, पण ते नाव आता चीनच्या साइक कंपनीकडे आहे आणि जुन्या एमजीशी या गाड्यांचं नातं नावापुरतंच.) एमजीबीत क्लच पॅडलच्या पुढे मास्टर सिलेंडर असतो, त्याचा व्यास पाऊण इंच. तिथून एक नळी खाली गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या स्लेव्ह सिलेंडरपर्यंत जाते. त्याचा व्यास सव्वा इंच. मधली सगळी जागा ब्रेक ऑइलने भरलेली. बाकीचं काम सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कालने सांगितलेल्या नियमावर चालतं: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो.

आकडे मांडून बघू. समजा पायाने दहा किलोचा जोर दिला आणि पॅडलच्या तरफेने तो पाचपट झाला. मास्टरच्या दट्ट्यावर पन्नास किलो आले. त्याचं क्षेत्रफळ साधारण २.८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब झाला चौरस सेंटिमीटरला साडेसतरा किलो. तोच दाब स्लेव्हच्या ७.९ चौरस सेंटिमीटरवर पडला की जोर होतो जवळपास १४० किलो. पावणेतीनपट जोर फुकट मिळत नाही, त्याच हिशेबात सरक कमी होते. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर पुढे गेला तर स्लेव्हचा जेमतेम नऊ मिलिमीटर सरकतो. क्लच सुटणं-न सुटणं या नऊ मिलिमीटरांत ठरतं.

आता या नळीत एक घनसेंटिमीटर हवा शिरली असं धरा. द्रव दाबला जात नाही म्हटलं तरी चालेल, हवा मात्र दाबली जाते. एवढ्या दाबाखाली तो बुडबुडा अठराव्या हिश्शाचा होतो आणि दट्ट्याने ढकललेल्या सात घनसेंटिमीटर द्रवातला जवळपास एक त्याची जागा भरण्यात खर्ची पडतो. नवाचे आठच्याही खाली आले. मेकॅनिक ज्याला ‘एअर धरली’ म्हणतात ते हे. अशा वेळी पॅडल दोन-चारदा पंप केल्यावर गिअर पडतो.

पण हवा शिरते कुठून? जिथून तेल गळतं, तिथूनच. दट्ट्यावर रबराचा कप असतो. वाटीसारखा, कडा दाबाच्या बाजूला. दाब वाढला की कड बाहेर फाकते आणि सिलेंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते. म्हणजे दाबच गळती अडवतो. फार सुंदर रचना आहे. तिला एकच अट, भिंत आरशासारखी गुळगुळीत हवी. ही अट पावसाळा मोडतो. नेहमीचं ब्रेक ऑइल हे खरं तर तेल नव्हेच, ते ग्लायकॉल ईथरचं मिश्रण असतं आणि हवेतलं पाणी शोषणं हा त्याचा स्वभाव. मास्टरवरच्या द्रवाच्या टाकीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून आणि रबरी होजच्या भिंतीतूनही ओल आत झिरपते. डॉट ३ प्रकारचं नवं द्रव २०५ अंशांच्या खाली उकळू नये असा निकष आहे. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तोच निकष १४० अंशांवर येतो. ब्रेकला ही उकळी जिवावरची. क्लच एवढा तापत नाही, त्याला नडतो तो गंज. बिडाच्या सिलेंडरच्या पोटात खळगे पडतात आणि पुढच्या प्रत्येक दाबाला कपाची कड त्यांवरून खरवडली जाते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत कप एकाच जागी बसून राहतो, म्हणून खळगेही बहुधा तिथेच भेटतात.

बाहेर थेंबही न दिसता पॅडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टरचा आतला कप गेला असं समजा. पॅडलजवळचा गालिचा ओला असेल, तर मास्टरचं मागचं सील. गिअरबॉक्सशी असलेला रबरी बूट उचलल्यावर द्रव ओघळला, तर स्लेव्ह. मास्टरखालच्या पत्र्याचा रंग पोपडे धरून निघत असेल तर ग्लायकॉलनेच तो खाल्लेला असतो.

मग नव्या कपाचा शोध सुरू होतो. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे, बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. पण काउंटरवर जाऊन ‘एमजीबीचं क्लच किट द्या’ म्हटलं तर दुकानदार काय करणार? तिथे गाडीचं नाव नव्हे, माप सांगावं लागतं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. मेट्रिक पद्धतीत वाढलेल्या आपल्या बाजारात हा विचित्र आकडा सिलेंडरांच्या याद्यांमध्ये अजून टिकून आहे, कारण आपला ब्रेक-उद्योग ब्रिटिश मुळांतून फुटला. टीव्हीएस आणि ब्रिटनच्या लुकास गर्लिंगच्या भागीदारीतून १९६२ साली मद्रासला ब्रेक्स इंडिया उभी राहिली. मद्रासलाच स्टँडर्ड कंपनी ट्रायम्फ हेरल्ड बांधत होती. त्याच हेरल्डची चौकट आखूड करून इंग्लंडात स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार निघाली. एमजीबीचं इंजिन ज्या बी-सिरीज घराण्यातलं, त्यातलंच १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये होतं. परदेशी वाटणाऱ्या गाड्यांची सोयरीक इथे अशी पसरलेली आहे आणि शोधणाऱ्याने ती धुंडाळावी.

व्यास जुळला म्हणून कप जुळला असं मात्र नाही. त्याची उंचीही बघावी लागते. मास्टरमध्ये टाकीकडे जाणारं सुईएवढं छिद्र असतं. पाय काढल्यावर द्रव त्यातून परततो. कप जरा उंच निघाला तर तो हे छिद्र झाकतो, दाब अडकून राहतो आणि क्लच घसरायला लागतो. मग चांगली प्लेट जळते. दुसऱ्या गाडीचा कप बसवण्याचा जुगाड क्लचमध्ये फसला तर गाडी ढकलत आणता येते. ब्रेकच्या सिलेंडरला तो करू नये, कधीच नाही.

इथे हौशी मंडळींच्या एका लाडक्या समजुतीला धक्का द्यायला हवा. पन्नास वर्षांपूर्वीचं, कंपनीच्या मूळ डबीतलं, न उघडलेलं किट मिळालं की त्यांना हर्ष होतो. पण डबीत ठेवलेलं रबरही म्हातारं होतंच. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन आणि ओझोन त्यांवर हल्ला करतात, रबर कडक होतं, चिरतं. आज वापरात असलेल्या ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ते या माऱ्याला बरंच पुरून उरतं. म्हणून ‘ओरिजिनल’च्या मोहापेक्षा ताज्या तारखेचं ईपीडीएम किट केव्हाही सरस. या रबराचा शत्रू एकच, खनिज तेल. इंजिन ऑइल, ग्रीस, रॉकेल किंवा पेट्रोल लागलं की ते फुगून बेढब होतं. गॅरेजमध्ये सगळे भाग पेट्रोलच्या त्याच डब्यात बुचकळण्याची सवय नव्या कपाचाही जीव घेते. कप ताज्या ब्रेक ऑइलनेच पुसावेत आणि त्यातच भिजवून बसवावेत.

आणि सिलेंडरला खळगे पडले असतील तर? तो भंगारात टाकण्याची घाई नको. खळगे बारीक असतील तर होनिंगने, म्हणजे आतून बारीक घासून, जातात. खोल असतील तर सिलेंडर बोअर करून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवायची आणि ती पुन्हा नेमक्या पाऊण इंचाला आणायची. भोसरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात असं अचूक काम करणारी लेथ शोधावी लागेल, पण दुर्मीळ नाही. एकदा ही स्लीव्ह बसली की बिडासारखा गंज तिला लागत नाही, म्हणजे दुरुस्त सिलेंडर मुळाहून टिकाऊ होतो. फक्त टाकीकडचं ते सुईएवढं छिद्र स्लीव्हमध्ये पुन्हा पाडायला आणि त्याची आतली धार घासायला सांगा. ती धार राहिली तर नवा कप चिरलाच.

मूळपणाच्या सरकारी व्याख्येलाही याने बाधा येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीवर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चौकट, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नसावेत, ही अट. क्लचच्या सिलेंडरातली स्लीव्ह त्यात येत नाही.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांना एवढीच विनंती: दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलताना क्लचची टाकीही रिकामी करायला सांगा, आणि गाडी पावसाळ्यात उभी असली तरी आठवड्यातून एकदा बसून क्लच पाच-दहा वेळा दाबा.