मोंढ्यातला भोंगा कुठे किती वाजावा?

हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डासारख्या मोंढ्यात आवाजाला तोटा नसतो. ट्रॅक्टर, टेम्पो, हमालांच्या हाका, लिलावाची बोली. अशा गलक्यात भोंग्यावरून गाडीचा नंबर पुकारला, की काट्यापाशी उभ्या शेतकऱ्याला फक्त ‘...यांनी यावे’ एवढंच कळतं. त्याच वेळी ऑफिसात पट्ट्या लिहिणारा कारकून मात्र दचकतो. मग कुणीतरी अँप्लिफायरचं बटण आणखी पिळतो. सब घोडे बारा टक्के!

खरं तर त्या बटणाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. मोठ्या आवारात बहुधा १०० व्होल्टची लाइन टाकतात. एकाच जोडतारेवर सगळे भोंगे आणि प्रत्येकाला एक छोटा ट्रान्सफॉर्मर. त्याला वेगवेगळ्या वॅटच्या जोडण्या असतात. तार जिथे जोडाल, तेवढीच ताकद तो भोंगा ओढतो. म्हणजे काट्यावरचा भोंगा १५ वॅटवर आणि ऑफिसातला स्पीकर दीड-दोन वॅटवर, दोन्ही एकाच माईकवर सुखाने चालतात. जोडणी बदलताना अँप्लिफायर बंद ठेवा, शॉक बसतो. आणि सगळ्या वॅटची बेरीज अँप्लिफायरच्या ताकदीपेक्षा थोडी कमीच असू द्या.

आता कानाची गंमत. १५ वॅटचे साडेसात केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. फरक जेमतेम जाणवतो. आवाज ‘निम्मा’ वाटायला साधारण १० डेसिबल उतरवावे लागतात, म्हणजे १५ चे थेट दीड वॅट. त्यामुळे भीत भीत एकेक पायरी खाली येणाऱ्याला वाटतं, काही होतच नाही.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणून मधोमध एकच भला मोठा भोंगा टांगणं मला चुकीचं वाटतं. त्याच्याखालचा माणूस बहिरा होतो आणि फाटकाजवळच्याला पुटपुट ऐकू येते. लहान भोंगे जास्त लावा, तोंडं माणसांकडे खाली झुकवा. बोलणं नीट कळायला ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबल वर हवं. जिथे गोंगाटच ९०च्या घरात आहे, तिथे भोंगा वाढवून उपयोग नाही. तिथे नंबराचा फलक लावावा.

शिवाय ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेतच: व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल. भोंग्याची पाठ वस्तीकडे असली, तर हे पाळणं सोपं जातं.

हे सगळं जमलं का, ते तपासायला एक जण माईकवर नंबर वाचेल, दुसरा वही घेऊन काटा, शेड, ऑफिस, फाटक असा फिरेल आणि ऐकू आलेले नंबर लिहील. ही फेरी भर लिलावात घ्या. रिकाम्या मोंढ्यात घेतलेली चाचणी काही कामाची नाही.