मित्राला सोबत घेऊन फँटसी गेम का खेळता येत नाही? अडचण फक्त इंटरनेटची नाही

हॅरी पॉटरच्या गोष्टीतून रॉन आणि हर्मायनीला काढून टाकलं तर काय उरेल? एक एकटा मुलगा, एक भलामोठा किल्ला आणि हलणारे जिने.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या 'हॉगवर्ट्स लेगसी' या गेममध्ये साधारण असंच काहीसं झालं. हॉगवर्ट्सचा किल्ला कोपऱ्या-कोपऱ्यासकट उभा राहिला. झाडूवर बसून उडता आलं, छडी फिरवता आली. सोबतीला गेममधली काही मुलंही येतात, पण त्यांना कॉम्प्युटर चालवतो. आपला खराखुरा मित्र मात्र त्या किल्ल्यात येऊ शकत नाही. कारण गेम सिंगल प्लेयर, म्हणजे एकट्याने खेळायचा.

तरीही पहिल्याच वर्षात या गेमच्या २ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. म्हणजे गेम लोकांना आवडला नाही असं अजिबात नाही. उलट एवढा आवडला, म्हणूनच 'हे दोघांनी मिळून खेळता आलं असतं तर?' हा प्रश्न जास्त टोचला.

ही तक्रार एकाच गेमची नाही. 'स्कायरीम' असो की 'द विचर ३', जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फँटसी आरपीजींपैकी कितीतरी गेम्स एकट्यानेच खेळायचे आहेत. आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम. यात आपण एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरतो, त्याची ताकद वाढवत नेतो आणि आपल्या निर्णयांनुसार गोष्ट पुढे सरकते.

बरं, आज क्रिकेटपासून बंदुकांच्या गेमपर्यंत सगळं ऑनलाईन मित्रांसोबत खेळता येतं. मग इथेच घोडं कुठे अडतं?

मुळात हा खेळ चारचौघांचाच होता

यातली गंमत अशी की आरपीजी हा प्रकार जन्मालाच आला तो मित्रांच्या टोळक्यात.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. त्यात ना स्क्रीन, ना कंट्रोलर. एक टेबल, कागद-पेन्सिल, फासे आणि भोवती बसलेले मित्र. त्यातला एक जण गोष्ट सांगणारा, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो सांगणार, 'समोर बंद दरवाजा आहे, आतून गुरगुरण्याचा आवाज येतोय.' बाकीच्यांनी ठरवायचं की दरवाजा फोडायचा, कुलूप उघडायचं की गुपचूप मागे फिरायचं.

पुढे हा खेळ कॉम्प्युटरवर आला, तेव्हा गोष्ट सांगणाऱ्याची जागा मशीनने घेतली. पण त्या काळात घरातल्या कॉम्प्युटरला एकच कीबोर्ड असायचा आणि तो समोर बसलेल्या एकाच माणसाच्या हातात असायचा. त्यामुळे १९८१ च्या 'विझार्ड्री' या गेममध्ये टोळी सहा जणांची होती, पण ती सहाही पात्रं एकच खेळाडू चालवायचा. म्हणजे मित्रांच्या जागा तशाच राहिल्या, मित्र तेवढे उठून गेले.

सगळ्यांनीच ही वाट धरली असंही नाही. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये नेटवर्कवरून सहा जणांना एकत्र खेळता यायचं. पण नंतर गेम्सची जगं जशी मोठी आणि चकचकीत होत गेली, तसे त्यातले बरेच मोठे गेम्स एकट्या खेळाडूभोवतीच बांधले गेले.

दुसरा माणूस आला की नेमकं काय बिघडतं?

यासाठी 'स्कायरीम'चं उदाहरण घेऊ. बेथेस्डा कंपनीचा हा गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ६ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या.

पहिली अडचण वेळेची. स्कायरीममध्ये तुम्ही सामानाची यादी उघडली की अख्खं जग थांबतं. समोर ड्रॅगन तोंड उघडून उभा असला तरी तुम्ही निवांतपणे औषध शोधू शकता. 'वाट बघा' हा पर्याय निवडला तर २४ तासांपर्यंतचा वेळ काही सेकंदांत पुढे ढकलता येतो. आता यात दोघं जण असतील तर? एकाने यादी उघडली म्हणून दुसऱ्याचं जग थांबवायचं का? एकाला रात्र हवी आणि दुसरा भरदुपारी लढतोय, तर घड्याळ कुणाचं चालणार?

दुसरी अडचण गोष्टीची. स्कायरीममध्ये तुम्ही 'ड्रॅगनबॉर्न' आहात, म्हणजे ज्याची सगळं जग वाट बघत होतं तो. मग मित्र कोण? दुसरा ड्रॅगनबॉर्न की पिशव्या उचलणारा? समजा तुम्ही एका गावकऱ्याला वाचवायचं ठरवलं आणि मित्राने मागून येऊन त्याला तलवारीने उडवलं, तर पुढची गोष्ट कुणाच्या निर्णयाने चालणार? आणि उद्या मित्र नसताना तुम्ही दोन टप्पे पुढे गेलात, तर परवा तो आल्यावर त्याच्यासाठी गोष्ट कुठून सुरू करायची?

तिसरी अडचण आतल्या यंत्रणेची. या गेममध्ये टेबलावरचा चमचा, चीजची अख्खी चकती, मडकं, सगळं उचलता येतं, फेकता येतं. एकट्याच्या गेममध्ये हा सगळा हिशोब एकाच मशीनवर राहतो. दोन खेळाडू आले की दोन्ही मशीनना प्रत्येक वस्तू, प्रत्येक पात्र आणि प्रत्येक घाव यावर एकमत लागतं. इंटरनेटवरून निरोप पोचायला सेकंदाचा छोटासा भाग जातो. तेवढ्यात तुमच्या स्क्रीनवर लांडगा मेलेला असतो आणि मित्राच्या स्क्रीनवर तो अजून चावत असतो.

त्यातही मोठी गोम म्हणजे गेमच्या आतल्या स्क्रिप्ट. दार कधी उघडायचं, कोणी कधी बोलायचं, हे या छोट्या छोट्या सूचना ठरवतात. स्कायरीममध्ये त्यातल्या असंख्य सूचना 'खेळाडू कुठे आहे?' असं विचारतात आणि उत्तर एकच येईल हे गृहीत धरतात. 'खेळाडू दोन आहेत' हे वाक्यच त्या भाषेत नाही. एका खांबावर बांधलेल्या घराला नंतर दुसरा मजला चढवायचा म्हटलं तर पायापासूनच सुरुवात करावी लागते, तसाच हा प्रकार.

मग चाहत्यांनीच हत्यारं उचलली

कंपनीने दिलं नाही म्हणून चाहते गप्प बसले नाहीत. गेममध्ये बाहेरच्या लोकांनी केलेल्या बदलांना 'मॉड' म्हणतात. जुलै २०२२ मध्ये 'स्कायरीम टुगेदर रीबॉर्न' हा मॉड आला आणि गेम आल्यानंतर जवळपास अकरा वर्षांनी मित्रांना स्कायरीममध्ये एकत्र फिरता यायला लागलं. यात गटाचा एक म्होरक्या असतो आणि गोष्ट त्याच्या हिशोबाने पुढे जाते. मॉड पूर्ण निर्दोष नाही, मध्येच काहीतरी अडकतं. पण हे काम फावल्या वेळात करणाऱ्या हौशी लोकांचं आहे. 'हॉगवर्ट्स लेगसी'साठीही मॉडर्सनी असाच प्रयत्न केला.

'एल्डन रिंग'ची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या या गेममध्ये मित्राला मदतीला बोलावता येतं, पण तेवढ्यापुरतंच. मोठा राक्षस मेला की मित्र आपल्या जगात परत जातो.

यामागे विचार आहे. गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी २००९ च्या 'डीमन्स सोल्स'मध्ये ही पद्धत आणली होती. तिची कल्पना त्यांना बर्फात अडकलेल्या गाड्यांवरून सुचली, असं त्यांनी सांगितलंय. चढावर गाड्या घसरत होत्या, मागचे पुढच्यांना धक्का देत होते. चढ पार झाला की जो तो आपल्या वाटेने गेला. ज्याने मदत केली त्याचे आभार मानायलाही थांबता आलं नाही. हीच हुरहूर त्यांना गेममध्ये हवी होती.

कल्पना सुंदर आहे, पण ती अनोळखी लोकांची आहे. मित्र धक्का देऊन निघून जाणारा नसतो, तो गाडीत शेजारी बसणारा असतो. म्हणून त्याच वर्षी 'सीमलेस को-ऑप' नावाचा मॉड आला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र फिरता यायला लागलं.

मे २०२५ मध्ये कंपनीनेच एकत्र खेळायचा 'एल्डन रिंग नाईटरेन' आणला. तोही कसा? एकट्याने खेळा, नाहीतर तिघांनी. दोघांसाठी सोयच नव्हती! ती जुलैच्या शेवटी अपडेटमधून द्यावी लागली.

मागितला एक मित्र, मिळाली जत्रा

मोठ्या कंपन्यांनी याआधी प्रयत्नच केले नाहीत असं नाही. २००८ च्या 'फेबल २'मध्ये मित्राला बोलावता यायचं, पण तो पाहुणा म्हणून यायचा. स्वतःचं सजवलेलं पात्र दिसायचं नाही, आणि दोघांना एकाच कॅमेऱ्याच्या चौकटीत राहावं लागायचं. एक डावीकडे गेला की दुसऱ्याची ओढाताण.

दुसरा मार्ग म्हणजे थेट ऑनलाईन जग. २०१४ मध्ये 'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाईन' आला. मित्र मिळाला, पण सोबत हजारो अनोळखी लोकही आले. जगाला वाचवणारे एकमेव तुम्ही, आणि तुमच्याच मागे रांगेत आणखी वीस 'एकमेव'!

२०१८ च्या 'फॉलआऊट ७६' ने याच्याही पुढे पाऊल टाकलं. हा गेम फँटसीचा नाही, पण कंपनी तीच, स्कायरीमवाली. खेळाडू हेच जगातली माणसं, असा विचार करून गेममधली मानवी पात्रंच काढून टाकली. जग ओकंबोकं वाटलं, टीका झाली आणि एप्रिल २०२० च्या अपडेटमध्ये माणसं परत आणावी लागली.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. 'मित्रासोबत' आणि 'सगळ्यांसोबत' या दोन वेगळ्या मागण्या आहेत.

लॅरियनला कसं जमलं?

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने दुसरा खेळाडू नंतर जोडला नाही, तर पहिल्यापासून धरला. २०१४ च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'मध्ये मुख्य पात्रंच दोन. दोन मित्रांचं एखाद्या निर्णयावर पटलं नाही तर? गेम चक्क 'दगड-कागद-कात्री' खेळायला लावतो. म्हणजे मतभेद ही अडचण न मानता त्याचाच खेळ केला.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये चार जणांना अख्खी गोष्ट एकत्र खेळता येते. इथली लढाई पाळीपाळीने होते, त्यामुळे वेळेचा घोळ बराचसा सुटतो. तुमची पाळी आहे तोवर शत्रू थांबतो. एक जण बोलत असताना दुसरा ते ऐकू शकतो किंवा सरळ दुसरीकडे भटकायला जाऊ शकतो.

हेही फुकट मिळालं नाही. एकाच टीव्हीवर स्क्रीन विभागून दोघांना खेळू द्यायचं तर मशीनला एकाच वेळी दोन ठिकाणचं जग उभं करावं लागतं. कमी ताकदीच्या एक्सबॉक्स सिरीज एस वर हे जमेना, म्हणून एक्सबॉक्सवर गेम डिसेंबर २०२३ पर्यंत लांबला. तेव्हाही सिरीज एस ला ही सोय नव्हतीच. ती आली एप्रिल २०२५ मध्ये.

कोडने न सुटणारी अडचण

समजा सगळं तंत्र जमलं. तरी एक प्रश्न उरतो, तो माणसांचा. असे गेम्स शंभर-शंभर तास चालतात. एकाला प्रत्येक पुस्तक वाचायचं असतं, दुसरा संवाद पटापट पुढे ढकलतो. पुण्यात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळ असते, एक झोपायला आलेला, दुसरा कामाला निघालेला. एकाला मूल झालं, दुसऱ्याची शिफ्ट बदलली की ती सेव्ह फाईल महिनोन्‌महिने तशीच पडून राहते.

शिवाय एकटेपणा ही प्रत्येक गेमची चूक नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक' मध्ये एक बहीण आपल्या हरवलेल्या भावाला शोधत निघते. तिच्यासोबत दुसरा खेळाडू बडबडत चालला असता तर त्या शोधातली कळकळच गेली असती. म्हणून सगळेच गेम्स दोघांचे व्हावेत, हा हट्ट बरोबर नाही.

मग आज काय करता येईल?

दोघांनाही वेळ असेल तर 'बाल्डर्स गेट ३' किंवा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' हे सरळ पर्याय आहेत. खर्च वाचवायचा असेल तर मार्च २०२५ मध्ये आलेला 'स्प्लिट फिक्शन' बघा. तो आरपीजी नाही, पण दोघांशिवाय खेळताच येत नाही आणि 'फ्रेंड्स पास'मुळे एकानेच विकत घेतला तरी चालतो.

गेम एकट्याचाच असेल, तर डिस्कॉर्डवर स्क्रीन शेअर करा. एकाने खेळायचं, दुसऱ्याने नकाशा बघायचा आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. प्लेस्टेशनवर 'शेअर प्ले'मधून तासाभरापर्यंत मित्राच्या हातात कंट्रोलही देता येतो. मॉड वापरणार असाल तर आधी सेव्ह फाईलची कॉपी काढून ठेवा.

स्क्रीन शेअर करण्याचा पर्याय वाटतो तितका दुय्यम नाही. अनेकदा मित्र हवा असतो तो राक्षस मारायला नाहीच. ड्रॅगन डोंगरामागून वर येतो तेव्हा 'अरे, ते बघ!' म्हणायला कुणीतरी हवं असतं. तेवढ्यासाठी कंपनीच्या अपडेटची वाट बघायची गरज नाही, एक फोन लावला तरी पुरतं.