भातशेतांतील वटवट्या

अंबरनाथ-बदलापूरकडील भातखाचरांच्या बांधांवर, पावसाळ्यांत उंच गवताच्या शेंड्यास बसून एकसारखी वटवट करणारा, चिमणीहून लहान पक्षी शेतकरी बंधूंच्या पाहण्यांत असेलच. हाच वटवट्या होय. त्याच्या जवळच्या सिस्टिकोला नांवाच्या गोत्रांत सुमारें ५० जाती असून बहुतेक आफ्रिकेंतील गवताळ व झुडुपी रानांत राहतात. एक जात मात्र आपल्या शेतांपर्यंत पसरलेली आहे. तिची लांबी अवघी १० सेंटिमीटर. नर हवेंत हेलकावे घेत 'झिट् झिट्' असा शब्द करितो. घरटें पिशवीसारखें असून गवताचीं पातीं कोळ्याच्या जाळ्यानें बांधून केलेलें असतें.

हे पक्षी दाणे खातात, हा समज चुकीचा होय. लोंब्यांवर पडणाऱ्या मुनियेची चोंच आंखूड व जाड असते. वटवट्याची बारीक व टोंकदार. त्याचें भक्ष्य किडे, अळ्या व कोळी हें होय. केवळ त्याच्या भरंवशावर कीड हटेल असें नाहीं. तथापि फुकट राबणारा हा गडी हांकून लावण्यांत शहाणपण नाहीं.

त्याच्या विणीचा मुख्य हंगाम पावसाळा, आणि त्याच वेळीं आपण बांधांवरील गवत वैरणीकरितां कापतों. तेव्हां सगळा बांध एकदम साफ न करितां कांहीं पुंजके भाद्रपद संपेपर्यंत राखावे. १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव पडलें. पुढें बदलापूरपर्यंत घरें वाढलीं व गवताळ माळ आटले. आतां उरलेले बांध हाच या पक्ष्यांचा आसरा आहे, आणि तो राखणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.