घशात अडकलेला शेंगदाणा

वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला, तरी ते जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. त्याहून चांगला उपाय नाही. रडण्या-खोकण्याचा आवाजच बंद झाला, तर मात्र श्वासमार्ग पूर्ण बंद झालेला असतो. अशा वेळी बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके छातीपेक्षा खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध 5 जोरदार थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर 5 दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून करावे. पोट दाबू नये, यकृताला इजा होऊ शकते. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालणे ही घरोघरची फार घातक सवय. वस्तू आणखी आत सरकते. बाळ निपचित पडल्यास छातीवर 30 दाब, तोंडाने 2 श्वास हा क्रम सुरू करावा आणि दुसऱ्या कोणीतरी लगेच 108 ला फोन करावा.