एका डोळ्याचा घोडा

घोड्याचा डोळा काढावा लागेल, असे पशुवैद्यकाने सांगताच जनावर निकामी झाल्याची धास्ती मालकाला वाटते. परंतु हा निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा त्या डोळ्याची दृष्टी बहुधा आधीच गेलेली असते आणि मागे केवळ वेदना उरलेली असते.

घोड्याचे डोळे आकाराने मोठे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि काहीसे पुढे आलेले असल्याने काटा, खिळा किंवा फांदी लागून त्यांना सहज इजा होते. बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे स्वच्छमंडलाच्या, जखमेत बुरशी किंवा जिवाणू शिरले, तर तो पडदा विरघळून डोळा फुटण्यापर्यंत मजल जाते. दुसरे मोठे कारण म्हणजे डोळ्यातील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराचा वारंवार उद्भवणारा दाह, म्हणजेच युव्हिआयटिस. लेप्टोस्पायरा जिवाणूंचा संसर्ग हे त्याचे एक परिचित मूळ आहे. काचबिंदू आणि कर्करोगातही कधी कधी हाच उपाय उरतो.

पूर्ण भुलेतून उठताना घोडा धडपडून पाय मोडून घेण्याचा धोका असतो, म्हणून अलीकडे अनेकदा शिरेतून शामक औषध देऊन आणि खोबणीभोवतीचा भाग इंजेक्शनांनी बधिर करून ही शस्त्रक्रिया घोडा उभा असतानाच केली जाते. प्रचलित पद्धतीत पापण्या एकमेकींना शिवून त्यांच्याभोवती छेद घेतात आणि नेत्रगोलकासह पापण्यांच्या कडा, तिसरी पापणी व आतील श्लेष्मल अस्तर काढून टाकतात, कारण स्राव निर्माण करणारा भाग मागे राहिल्यास बंद खोबणीत द्रव साचतो. त्वचा आत खोल जाऊ नये म्हणून सिलिकोनचा गोळा बसवता येतो. संसर्ग किंवा कर्करोग असल्यास मात्र तो टाळलेलाच बरा.

त्यानंतर साधारण दोन आठवडे, टाके निघेपर्यंत, घोड्याला तबेल्यात विश्रांती, वेदनाशामके, आवश्यक तेथे प्रतिजैविके, धनुर्वाताची लस आणि जखम घासली जाऊ नये यासाठी मुखवटा लागतो. सुरुवातीची थोडी सूज अपेक्षित असते. मात्र पू, दुर्गंधी, ताप किंवा वाढती सूज दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे.

खरी कसोटी माणसांच्या वागणुकीची असते. दोन्ही डोळे मिळून घोडा जवळजवळ 350 अंशांचा परिसर पाहतो. एक डोळा गेल्यावर त्या बाजूचा बराचसा भाग त्याला दिसेनासा होतो, त्यामुळे तो मान वळवून पाहू लागतो आणि अंध बाजूने अचानक हात लागल्यास बिचकतो. म्हणून मोतद्दाराने आधी आवाज देऊनच त्या बाजूने जवळ जावे, ठाण आणि चंदीची जागा शक्यतो बदलू नये, तसेच खोगीर घालून काम हळूहळू सुरू करावे. बहुतेक घोडे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत रुळतात. डावा डोळा गमावलेला पॅच हा अमेरिकन घोडा 2017 मध्ये केंटकी डर्बीत धावला आणि त्याच वर्षी बेलमाँट स्टेक्स शर्यतीत तिसरा आला. माथेरानच्या दरीकाठच्या वाटांवर पर्यटक वाहणाऱ्या घोड्याला पुन्हा कामावर आणण्याचा निर्णय मात्र अधिक सावधपणे घ्यायला हवा.

शिल्लक डोळ्याची नियमित तपासणी अत्यावश्यक आहे, कारण युव्हिआयटिस दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकतो. घोडा डोळा घट्ट मिटून घेत असेल किंवा त्यातून पाणी वाहत असेल, तर मालकाने त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे आणि घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नयेत; स्वच्छमंडलाला जखम असल्यास तेच थेंब डोळा गमावण्याचे कारण ठरू शकतात.