जागेवरून तारा, तारखेवरून लहर

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. काटकोनात जोडलेल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इथे टिपल्या जाणाऱ्या गुरुत्वीय लहरींची नावं कशी ठेवायची, हे मात्र आधीच ठरून गेलंय.

ताऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची नावं बहुधा जागेवरून पडतात. आपली रोहिणीच घ्या. योहान बायरने १६०३ मध्ये तारकासमूहागणिक ग्रीक अक्षरं वाटली, त्यात ती ‘अल्फा टॉरी’ झाली. म्हणजे वृषभेतली पहिली. फ्लॅमस्टीड क्रमांकानुसार ती ‘८७ टॉरी’ आणि हेन्री ड्रेपर यादीत ‘एचडी २९१३९’. ड्रेपर यादीचे मूळ आकडे आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, त्यामुळे जाणकाराला नुसत्या आकड्यावरूनही दिशेचा अदमास येतो.

गुरुत्वीय लहर येते आणि क्षणात निघून जाते. तिची वेळ चोख कळते, जागा नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली, तेव्हा उगमाचा अंदाज सुमारे ६०० चौरस अंशांचा होता. तेवढ्या आभाळात तीनेक हजार पूर्णचंद्र मावतील! मग नाव तारखेवरूनच पडलं: जीडब्ल्यू१५०९१४. आधी साल, मग महिना, मग दिवस.

२१ मे २०१९ रोजी एकाच दिवसात दोन लहरी आल्या आणि पंचाईत झाली. म्हणून आता तारखेपुढे बहुधा तास, मिनिट, सेकंदही जोडतात: जीडब्ल्यू१९०५२१_०७४३५९.

ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. जीडब्ल्यू१७०७२९ पृथ्वीवरून गेली, तेव्हा हिंगोलीत ३० जुलै लागून सव्वीस मिनिटं झाली होती. नावात २९ तारीखच राहिली.

१७ ऑगस्ट २०१७ ची लहर सगळ्यांत भाग्यवान. अमेरिकेतल्या जोडीला इटलीतली ‘व्हर्गो’ होती, म्हणून शोधाचं क्षेत्र २८ चौरस अंशांवर आलं. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि वासुकी तारकासमूहातल्या ‘एनजीसी ४९९३’ दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा उजेड सापडला. त्या एकाच टकरीला तीन नावं मिळाली: लहरीला जीडब्ल्यू१७०८१७, गॅमा किरणांच्या स्फोटाला जीआरबी १७०८१७ए आणि दिसलेल्या उजेडाला एटी २०१७जीएफओ.

दुधाळ्याचं मोल इथे कळतं. एकच लहर वेगवेगळ्या वेधशाळांत काही मिलिसेकंद मागेपुढे पोहोचते आणि त्या फरकावरून उगमाची दिशा काढतात. अमेरिका आणि युरोपपासून हजारो किलोमीटर दूर असलेलं हिंगोलीचं यंत्र सुरू झालं, की हा हिशेब कितीतरी नेमका होईल.